गाणे प्रत्यक्ष किती ऐकले गेले, हे अँड्रॉइड ॲपमध्ये कसे नोंदवावे?

एक्सोप्लेअर या गाणी-व्हिडिओ वाजवणाऱ्या लायब्ररीची करंट पोझिशन (गाण्यातील सध्याची जागा) आपण टायमरने दर सेकंदाला वाचता आणि वापरकर्त्याने सीकबार शेवटाकडे ओढला तरी गाणे पूर्ण ऐकल्याची नोंद होते, ही आपली अडचण आहे. पोझिशन फक्त गाणे कोठे पोहोचले ते सांगते, किती ऐकले ते नव्हे. म्हणून टायमर सीकबार हलवण्यापुरता ठेवावा आणि हिशेब प्लेअरच्या लिसनरकडे, म्हणजे प्लेअरमधील बदल कळवणाऱ्या कोडकडे, द्यावा.

लिसनरमधील 'ऑन-इज-प्लेइंग-चेंज्ड' (वाजणे सुरू झाले किंवा थांबले, ही सूचना) हे माझ्या मते सर्वांत भरवशाचे आहे. 'प्ले-व्हेन-रेडी'वर (तयार होताच वाजवायचे आहे का, एवढेच सांगणारे मूल्य) विसंबू नये, कारण बफरिंग चालू असताना किंवा फोन आल्यामुळे ऑडिओ फोकस (आवाज वाजवण्याचा हक्क) तात्पुरता गेला असतानाही ते 'ट्रू'च राहू शकते. 'इज-प्लेइंग' मात्र या दोन्ही प्रसंगी 'फॉल्स' होते. ते 'ट्रू' झाले की 'इलॅप्स्ड-रिअलटाइम' (फोन सुरू झाल्यापासूनचा वेळ) टिपून ठेवावा, 'फॉल्स' झाले की मधला फरक बेरजेत घालावा. येथे 'करंट-टाइम-मिलिस' (फोनच्या घड्याळातील वेळ) वापरू नये, कारण फोनचे घड्याळ मागेपुढे केले तर वजाबाकीही उलटी निघते. सीकबार कितीही ओढला तरी ही बेरीज फुगत नाही.

मेख आहे ती सलग वाजणाऱ्या प्लेलिस्टमध्ये. एक गाणे संपून दुसरे लगेच सुरू झाले, तर 'इज-प्लेइंग' बदलतच नाही, आणि 'स्टेट-एंडेड' (वाजवणे संपल्याची स्थिती) तर संपूर्ण यादी संपल्यावरच येते. त्यामुळे 'ऑन-मीडिया-आयटम-ट्रान्झिशन' या, गाणे बदलताच येणाऱ्या सूचनेमध्ये आधीच्या गाण्याचा हिशेब बंद करून नव्याचा उघडावा लागतो. तेथे हाती येतो तो नवा आयटम. जुन्याचा मीडिया आयडी (गाण्याची ओळखखूण) आपणच व्हेरिएबलमध्ये जपलेला असावा. तेच गाणे पुन्हा वाजले तर कारण म्हणून 'रिपीट' मिळते, त्याची नोंद वेगळी करावी. शेवटच्या गाण्यानंतर ट्रान्झिशन येत नसल्याने त्याचा हिशेब 'स्टेट-एंडेड'वर बंद करावा.

लिसनर ॲक्टिव्हिटीत (ॲपच्या स्क्रीनच्या कोडमध्ये) नव्हे, पार्श्वभूमीतही चालणाऱ्या मीडिया-सेशन-सर्व्हिसमध्ये लावावा. नाहीतर पार्श्वभूमीत वाजलेली गाणी निसटतात. 'ऐकले' कधी म्हणायचे, हा निर्णय मात्र आपला: लास्ट.एफएम ही ऐकलेली गाणी नोंदवणारी सेवा ३० सेकंदांहून मोठे गाणे निम्मे किंवा ४ मिनिटे, यांपैकी जे आधी होईल तितके वाजल्यावर मोजते. लहान ॲपला तोच नियम पुरतो, असे मला वाटते.