‘उबदार’, ‘उबट’ आणि ‘दोघी’

एका वाचकाने विचारलं आहे: ‘कोझी क्वीअर फँटसी रोमान्स’ (काल्पनिक जगातली, स्त्री-पुरुष जोडीच्या चौकटीबाहेरची, निवांत प्रेमकथा) म्हणतात त्या प्रकारातल्या एका इंग्रजी कादंबरीवर मराठीत लिहायचं आहे. ‘कोझी’ला काय म्हणावं? आणि पुस्तकाबद्दल ‘मिक्स्ड फीलिंग्ज’ आहेत, त्याला ‘संमिश्र भावना’ चालेल का?

कादंबरी आहे ट्रॅव्हिस बाल्ड्री यांची ‘लेजंड्स अँड लाटेज’ (२०२२). मीही ती वाचली आहे, त्यामुळे पुस्तकाला धरूनच सांगते.

‘कोझी’ला उबदार म्हणावं. ‘आरामदायी’ म्हटलं की बसची सीट डोळ्यांपुढे येते, ‘घरगुती’ म्हटलं की पापड-लोणची. ऊब गोधडीत असते, चुलीपाशी असते, कुशीत असते, आणि कोंबडी अंडी उबवते ती याच उबेने. (‘ऊब’ दीर्घ, ‘उबेने’, ‘उबवणे’ ऱ्हस्व.) लढायांना कंटाळलेली विव नावाची ऑर्क, म्हणजे धिप्पाड राक्षसकुळातली बाई, कॉफीचं नावही न ऐकलेल्या शहरात एक जुना तबेला विकत घेते आणि तिथे कॉफीचं दुकान थाटते. सुतारकाम होतं, दरपत्रक लागतं, थिंबल नावाचा उंदीरमाणूस जेमतेम एखादा शब्द बोलतो आणि दालचिनीचे रोल भाजतो. त्या रोलचा वास सुटतो ती पानं मी दोनदा वाचली. इथे राज्य पणाला लागलेलं नाही, एक दुकान लागलं आहे. याला उबदार नाही तर काय म्हणायचं?

इंदूरच्या माझ्या भाचीला हे सांगितलं तर ती म्हणाली, “मावशी, म्हणजे कंटाळवाणी आहे का गं?” तिच्या कानात हिंदीतली ‘ऊब’ होती, आणि हिंदीत ऊब म्हणजे कंटाळा. मराठीत त्या अंगाचा शब्द ‘उबग’, उद्वेगाच्या नात्यातला. आपली ऊब उष्म्याच्या बाजूची. हिंदी बोलणाऱ्या मुलखातले मराठी वाचकही तुमचा लेख वाचणार असतील, तर सुरुवातीलाच एकदा ‘मायेची ऊब’ म्हणा, घोटाळा टळेल.

‘क्वीअर’ हा शब्द तसाच ठेवा. तो आता मराठी लिखाणात रुळतो आहे आणि ‘समलिंगी’पेक्षा त्याचा आवाका मोठा आहे. पण गोष्ट सांगताना आपल्याला त्याचीही गरज पडत नाही. विव आणि दुकानात तिच्या सोबतीला आलेली टँड्री: ‘त्या दोघींचं जमतं.’ बस! दोघे, दोघी, दोघं हा भेद मराठीने जपला आहे, म्हणून ‘दोघी’तच सगळं आलं. आणि ‘जमणं’ हे क्रियापद कुठल्याही जोडप्याला लागतं, त्यात वेगळं काढून दाखवणं नाही. कादंबरीतही या प्रेमाला कुणी नाक मुरडत नाही, त्या दोघींना कुणापुढे खुलासा करावा लागत नाही. मला पुस्तकातलं हे सगळ्यात मोलाचं वाटलं.

आता ‘संमिश्र भावना’. चूक नाही, पण तो बातमीतल्या ‘संमिश्र प्रतिसादा’चा सख्खा भाऊ आहे, त्यातून काय आवडलं आणि काय खुपलं ते कळतच नाही. बोलताना आपण ‘आवडलं, पण मन भरलं नाही’ म्हणतो, तेच लिहावं. माझं मन कुठे भरलं नाही? शहरातल्या गुंडांची म्होरकी खंडणीऐवजी दर आठवड्याला भट्टीतला ताजा माल घ्यायला तयार होते. पुढे दुकान जळतं, तर उभारायला सगळे धावून येतात. संकटाची झळ लागायच्या आत ते विझलेलं असतं. आणि दोघी एकमेकींपाशी मन मोकळं करतात ते इतक्या शेवटी, की त्यांचा संसार पाहायला पानंच उरत नाहीत.

यालाही शब्द उबेच्याच घरात आहे: उबट. पावसाळ्यात बंद पेटीतल्या कपड्यांना येतो तो वास. ऊब तीच, फक्त वारा न लागलेली. ‘कादंबरी उबदार आहे, उत्तरार्धात जराशी उबट होते’ असं लिहिलंत तर मराठी वाचकाला नेमकं कळेल.

‘उबग आला’ मात्र लिहू नका. उबग आला की माणूस पुस्तक मिटून ठेवतो, आणि हे मी एका बैठकीत संपवलं, थिंबलच्या रोलसाठी पुन्हा उघडलंही.