उद्या दहावीचा विज्ञान भाग १ चा पेपर, आज काय वाचू?

नवीन धडा आज अजिबात उघडू नकोस. 40 गुणांचा पेपर आहे, तेव्हा आधी भिंगांची गणितं हातानं सोडव, नुसती वाचू नकोस. खरे गुण चिन्हांत जातात: वस्तूचं अंतर ऋण, बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर धन. वस्तू 30 सेमीवर, नाभीय अंतर 20 सेमी असेल, तर प्रतिमा 60 सेमीवर येते का बघ. शक्ती काढताना सेमीचे मीटर कर, म्हणजे 1 भागिले 0.2, उत्तर +5 डायॉप्टर. मग किरणाकृत्या पेन्सिलीनं, बाणांसकट काढ. रासायनिक समीकरणं संतुलित करून बघ. आणि रात्री जागू नकोस रे, झोप नीट घे.