एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात गोव्यात परतीचे स्थलांतरित पक्षी दिसतात का, की सीझन संपलेला असतो?

दिसतात. या. तुम्ही प्रश्नात लिहिलंय की पुण्याहून तीन दिवसांसाठी येताय, आणि एका अनुभवी गाईडने तुम्हाला "फेब्रुवारीनंतर गोव्यात उरलेसुरलेच पक्षी असतात" असं सांगितलंय. ते वाचलं आणि राहवेना. अगदी हेच शब्द मी चोडण बेटावरच्या एका बांधावर उभी राहून ऐकलेत, आणि त्या दिवशी मला धड उत्तर देता आलं नव्हतं.

मी मयेची. नोकरी पणजीत, म्हणून रोज सकाळी चोडणला येऊन फेरीबोट धरायची आणि रायबंदरला उतरायचं. चोडणच्या धक्क्याला लागूनच डॉ. सालीम अली पक्षी अभयारण्य आहे, १.८ चौरस किलोमीटरची खारफुटी. बाहेरून येणारे सगळे तिथे जातात, दोन खंड्या आणि चार बगळे बघून परततात आणि म्हणतात, एप्रिलमध्ये काही नाही. खारफुटी दाट असते. परतीच्या वाटेवरचे पक्षी झाडांत शिरत नाहीत, ते उघड्या चिखलावर असतात. आणि चिखल कधी उघडा पडणार हे भरती-ओहोटी ठरवते. त्यामुळे किती वाजता यावं, या तुमच्या प्रश्नाला घड्याळाचं उत्तरच नाही.

चोडणात माझ्या मामाची खाजनातली शेती आहे. बांध घालून खाडीकडून राखलेली जमीन ती खाजन. पावसाळ्यात तिथे कोरगुट भात होतं, उन्हाळ्यात आतल्या पाण्यात मासे आणि सुंगटं, म्हणजे कोळंबी. बांधात मानस असते, म्हणजे लाकडी दारं बसवलेली पाण्याची वाट. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने दारं खाडीकडे उघडतात, भरती चढू लागली की बाहेरच्या दाबाने मिटतात. लहानपणी मी मामाला विचारलं होतं की रात्री दार बंद करायला कोण उठतं. तो म्हणाला, "दार उदकच उगडटा, उदकच धांपता गो बाय." म्हणजे पाणीच उघडतं, पाणीच मिटतं. मानशीजवळ बसून पक्षी बघायला लागले तेव्हा या साध्या गोष्टीत केवढं काय आहे ते कळलं. बाहेर खाडीत भरती चढते, नदीकाठचा चिखल बुडतो, पण मिटलेल्या दारांमुळे खाजनातला चिखल तसाच उघडा राहतो. मग नदीकाठचे सगळे पक्षी थव्याने बांध ओलांडून आत येतात.

२०१८ चा एप्रिल, रविवार, दुसऱ्या दिवशी अमावास्या, म्हणजे उधाणाची भरती. साडेसातपासून मी मानशीपासून थोड्या अंतरावर बांधाच्या उताराला बसले होते. साडेआठला दारं मिटली, आणि पाऊण तासात समोरच्या चिखलावर साठ-पासष्ट सँड प्लोव्हर, दहा-बारा कर्ल्यू सँडपायपर आणि तीन सोन चिखल्या, सगळे चिखलात खाणं शोधणारे स्थलांतरित पक्षी.

हिवाळ्यात हेच पक्षी बघितले असतील तर तुम्हाला ते सगळे मातकट, एकसारखे वाटले असतील. नवशिके तिथेच कंटाळतात. एप्रिलमध्ये बघा. सँड प्लोव्हरच्या छातीवर विटेच्या रंगाचा पट्टा येतो, डोळ्यावरून काळी पट्टी. कर्ल्यू सँडपायपर नोव्हेंबरात राखाडी असतो, तो मानेपासून पोटापर्यंत तांबूस होतो, तांब्याचं भांडं चिंचेने घासावं तसा. त्या तीन सोन चिखल्यांपैकी एकाचं पोट जवळजवळ पूर्ण काळं झालं होतं, दुसऱ्याच्या पांढऱ्या पोटावर नुसते काळे डाग होते, शाई सांडल्यासारखे, आणि तिसऱ्याला अजून पत्ताच नव्हता. एकाच थव्यात निघण्याच्या तयारीचे तीन टप्पे. पाठीवर सोनेरी ठिपके. चार पावलं पळायचं, थबकायचं, मान तिरकी करून चिखलात काही हललं का बघायचं, मग एकदम वाकून टिपायचं. कर्ल्यू सँडपायपरचं तसं नाही, तो चालता चालता चोच खुपसत जातो. पुढे गेला की मागे ओल्या चिखलात भोकांची ओळ राहते, शिलाई मशीनने टीप मारल्यासारखी. हे मी दहा-बारा मीटरवरून बघत होते, कारण तासभर हललेच नव्हते.

मग बांधावरून जीप आली. आठ पाहुणे, मोठमोठ्या लेन्स, आणि त्यांना घेऊन आलेले एक नावाजलेले जाणकार. नाव घेणार नाही, त्यांचं पक्ष्यांचं ज्ञान माझ्याहून कितीतरी जास्त आहे. त्यांनी दुर्बीण लावली आणि पाहुण्यांना सांगितलं, "सीझन संपलाय, हे उरलेसुरले आहेत, पण उडतानाचे फोटो चांगले मिळतील." आणि टाळ्या वाजवल्या. थवा उठला, खाजनावरून एक फेरी मारून परत बसला. त्यांनी पुन्हा उठवला. तिसऱ्या वेळी ढेकूळ फेकलं. मी उठून ओरडले. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, पंख असलेला प्राणी उडाला तर बिघडलं काय?"

मला उत्तर सुचलं नाही. "माझ्या मामाची जागा आहे ही" एवढंच बोलले, आणि ते चुकीचंच होतं, कारण वादाचा मुद्दा जागा नव्हता. पुढे त्यांच्या ओळखीच्यांत मी "खाजन आपल्या बापाचं समजणारी बाई" झाले. त्यानंतर मी कुठल्याही ग्रुपबरोबर पक्षी बघायला गेले नाही.

बिघडतं काय ते आता सांगते. कर्ल्यू सँडपायपरचं वजन ५०-६० ग्रॅम, म्हणजे एका अंड्याएवढं. त्याला जायचंय सैबेरियाच्या उत्तरेला, आर्क्टिकच्या काठावर. तिथे जूनमध्ये बर्फ वितळतं आणि ऑगस्टमध्ये उन्हाळा संपतो, तेवढ्यात अंडी आणि पिल्लं उरकायची. सोन चिखल्याही तिकडच्याच टुंड्रात, म्हणजे झाडं नसलेल्या गारठ्याच्या प्रदेशात, अंडी घालतो. सँड प्लोव्हर त्यामानाने जवळ, हिमालयापलीकडच्या उंच पठारांवर. आता त्याच्या दोन जाती मानतात, आपल्या किनाऱ्यावर येणारे प्रामुख्याने तिबेटी. एवढ्या लांबच्या उडीचं इंधन म्हणजे अंगावरची चरबी. निघण्याआधीच्या आठवड्यांत असे पक्षी खाऊन खाऊन दीडपट वजनाचे होतात, आणि ते खाणं चिखल उघडा असेल तेवढेच तास चालतं. त्या तासांत तीनदा उठवलं तर इंधन जळलं ते वेगळं आणि घास गेले ते वेगळे. जानेवारीत उडवलेला पक्षी उद्या भरून काढेल. एप्रिलच्या मध्यात त्याच्याकडे उद्या नसतो.

संध्याकाळी मामाला सगळं सांगितलं. तो जाळं विणत बसला होता. मान वर न करता म्हणाला, जेवत्याला पानावरून उठवतात काय? त्या माणसाला द्यायला हवं होतं ते उत्तर माझ्या मामाकडे होतं. मामाने आयुष्यात दुर्बिणीला डोळा लावलेला नाही.

म्हणून तुम्हाला माझा पहिला सल्ला हाच की उडतानाच्या फोटोची हमी देणारा गाईड घेऊ नका. ठरवण्याआधी विचारा, "थवा बसलेला असेल तर किती अंतरावर थांबवता?" उत्तराला जो अडखळेल त्याला सोडा. पक्षी खाणं थांबवून मान वर करायला लागले की तुम्ही आधीच जास्त जवळ गेलेले असता.

आता जागा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास आमच्याकडे भरती दुपारच्या सुमारास पूर्ण चढते, तेव्हा सकाळी साडेआठ-नऊपासून खाजनं आणि मिठागरं बघायची. अष्टमीच्या आसपास येत असाल तर पहाट आणि संध्याकाळ. वेळ रोज पाऊण तास ते तासभर पुढे सरकते, मोबाइलवर भरतीचं कोष्टक मिळतं. पणजी-रायबंदर रस्ता, म्हणजे १६३३-३४ मध्ये पोर्तुगीजांनी बांधलेला पोंते द लिन्यारिश, त्याच्या बाजूची मिठागरं अजिबात सोडू नका. गाडी रस्त्यात उभी करू नका, वाहतूक फार असते. करमळीच्या तळ्यावर अडया (शीळ घालणारी बदकं) आणि जांभळ्या पाणकोंबड्या बारमाही आहेत, मागे रेंगाळलेलं एखादं भुवई बदकही मिळेल. तलवार बदकांची आशा धरू नका, ती तोवर गेलेली असतात. मोरजीला शापोरा नदीच्या मुखाशी कुरव (गल) आणि सुरय (टर्न). कुरवांचा मोठा थवा मार्चमध्येच हलतो, पण मागे राहिलेल्यांची डोकी तेव्हा चॉकलेटी झालेली असतात, ती हिवाळ्यात आलेल्यांना बघायला मिळत नाहीत. नंदा तळं २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलं म्हणून हल्ली सगळे कुडचड्याला जायला सांगतात. जागा सुंदर आहे, पण तीन दिवसांत तिकडे जाऊन येण्यात तुमची एक भरती जाईल.

भोरड्यांबद्दल, म्हणजे गुलाबी मैनांबद्दल विचारलंय. शिगम्याच्या, म्हणजे होळीच्या सुमारास पांगाऱ्यावर आणि सावरीवर त्यांचे थवेच्या थवे असतात, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात शेवटचे काही मिळाले तर मिळाले. चातक तुम्हाला मिळणार नाही, तो पावसाच्या तोंडावर येतो. नवरंग तोपर्यंत असतो, पण तो बोंडला-मोलेच्या बाजूला, आणि जंगलातले पक्षी हा माझा विषय नव्हे. राज्यपक्षी म्हणजे लाल गळ्याचा बुलबुल स्थलांतर करत नाही, त्याच्यासाठी वेगळे या.

दोन गोष्टी आधीच लिहायला हव्या होत्या. मी जे सांगतेय ते तिसवाडी आणि डिचोलीच्या खाजनांपुरतं, दक्षिणेचा माझा अनुभव थोडा आहे. आणि कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत, आसपासच्या खाजनांतही येतात. त्या बाजूला पाण्याच्या कडेला बसू नका, बांधाच्या माथ्यावरच राहा.

बांध अरुंद असतात आणि मधेमधे खचलेले असतात, म्हणून जीप अलीकडेच सोडा. मानशीजवळ कोणी असेल तर विचारून पुढे जा. लिलावात पैसे भरून त्यांनी तिथली मासळी घेतलेली असते, त्यांच्या जाळ्यांवर पाय पडू देऊ नका. भरती कधी चढणार हेही त्यांनाच विचारा, ते कोष्टकापेक्षा नेमकं सांगतात.