सायटेशनचा आकडा बघून संख्याशास्त्रातला गाइड निवडावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सिम्युलेशनमध्ये पीएचडी करायची आहे, समोर दोन प्राध्यापक आहेत. एकांचे ढीगभर पेपर आणि भरभक्कम एच-इंडेक्स (निदान ‘एच’ इतके सायटेशन मिळालेले ‘एच’ पेपर असतील तर तो आकडा). दुसऱ्यांचे मोजून दहा-बारा पेपर, पण त्यातल्या एकाच पेपरला बाकी सगळ्यांच्या बेरजेपेक्षा जास्त सायटेशन, म्हणजे इतरांनी आपल्या पेपरमध्ये दिलेले दाखले. हा दुसरा माणूस ‘एकदाच नशीब फळफळलेला’ तर नाही ना?

मी याच विषयात पीएचडी केली आहे, म्हणून आधी आमच्या घरातलंच उदाहरण देतो. मेट्रोपोलिस-हेस्टिंग्स अल्गोरिदम, म्हणजे अवघड वितरणांमधून संगणकाने यादृच्छिक नमुने काढायची पद्धत, तुम्ही एमएस्सीला शिकला असालच. त्यातले हेस्टिंग्स टोरांटो विद्यापीठात शिकवत होते. तिथल्या रसायनशास्त्र विभागातले जॉन व्हॅलो कणसमूहाची सरासरी ऊर्जा काढायला मेट्रोपोलिसची पद्धत वापरायचे. शंभर कण, प्रत्येकाचे सहा निर्देशांक, म्हणजे ६०० मितींचं वितरण! इतक्या मितींमधून मार्कोव्ह साखळीने (जिथे पुढची पायरी फक्त आत्ताच्या पायरीवर ठरते) सहज नमुने काढता येतात हे पाहिल्यावर हेस्टिंग्स यांनी दुसरं सगळं बाजूला ठेवलं. १९७० साली ‘बायोमेट्रिका’ या संख्याशास्त्राच्या नियतकालिकात त्यांचा पेपर आला. पानं फक्त तेरा.

आणि मग काय झालं? जवळजवळ काहीच नाही. त्यांच्या हाताखाली पीएचडी झालेला विद्यार्थी एकच, पीटर पेस्कुन. त्याने १९७३ मध्ये त्याच नियतकालिकात धागा पुढे नेला. हेस्टिंग्स स्वतः व्हिक्टोरिया विद्यापीठात गेले आणि या विषयातून जवळपास बाहेर पडले. १९९० मध्ये गेलफँड आणि स्मिथ यांचा पेपर आला, तोवर टेबलावर संगणकही आले होते, आणि बेझियन मंडळी (आधीची माहिती आणि नवा डेटा जोडून अंदाज बांधणारे संख्याशास्त्रज्ञ) या पद्धतींवर तुटून पडली. हेस्टिंग्स १९९२ मध्ये निवृत्त झाले. आज त्या तेरा पानांना हजारो सायटेशन आहेत, पण १९८० साली त्यांचं रेकॉर्ड कुणी बढतीच्या फॉर्ममध्ये भरलं असतं तर काय दिसलं असतं?

एच-इंडेक्स (२००५ साली हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने काढलेला) इथे हमखास फसतो. ज्याचे एकूण दहा पेपर आहेत त्याचा एच-इंडेक्स दहाच्या वर जाऊच शकत नाही, मग एकेकाला लाखभर सायटेशन का असेनात.

लेखकांच्या क्रमावरही विसंबू नका. मेट्रोपोलिस यांच्या १९५३ च्या मूळ पेपरला पाच लेखक होते आणि नावं आडनावांच्या अक्षरक्रमाने छापली होती. त्या कामाला वापरलेल्या मॅनिएक संगणकासाठी प्रोग्राम लिहिला त्या पाचांतल्याच एरियाना रोझेनब्लुथ यांनी. नाव लागलं ‘एम’वाल्याचं.

आपल्याकडचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी, जन्म गोव्याचा. पुण्यात फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत असताना १९४३ मध्ये त्यांनी एक पेपर लिहिला. त्यातली यादृच्छिक प्रक्रिया (योगायोगाने बदलत जाणारी राशी) सोप्या तुकड्यांच्या बेरजेत उलगडून मांडायची पद्धत कारहुनेन आणि लोएव्ह यांनी काही वर्षांनी स्वतंत्रपणे दिली. रँडम फील्ड, म्हणजे जागेनुसार यादृच्छिकपणे बदलणारी राशी, सिम्युलेट करणारे आजही ती पद्धत वापरतात आणि बहुतेक जण ‘कारहुनेन-लोएव्ह’ एवढंच लिहितात. गंमत म्हणजे त्याच कोसंबींचं १९४४ चं जनुकीय अंतराचं सूत्र पिकांचे जनुकीय नकाशे काढणारे अजून त्यांच्याच नावाने वापरतात. माणूस तोच, वर्षाच्या अंतराने लिहिलेले दोन पेपर, आणि सायटेशनचं नशीब दोन टोकांचं. (१९३१ मध्ये त्यांनी ‘बुरबाकी’ नावाच्या काल्पनिक गणितज्ञाचा दाखला देऊन एक पेपर छापला होता. सायटेशनवाल्यांची एवढी सुरेख थट्टा मी तरी दुसरी पाहिली नाही.)

तेव्हा तुमच्या दुसऱ्या प्राध्यापकांचा तो एक पेपर उघडा आणि ‘सायटेड बाय’वर टिचकी मारा. परक्या क्षेत्रातले लोक, साथरोगवाले, जलविज्ञानवाले, पद्धत खरोखर वापरून दाखला देत असतील तर ते नशीब नव्हे. पहिल्यांच्या ढिगात तेच ते चार सहलेखक एकमेकांना दाखले देत असतील तर तेही दिसेल. आणि प्रोफाइल त्यांचंच आहे ना हे नीट बघा. एस. पाटील किंवा ए. कुलकर्णी या नावाखाली गूगल स्कॉलर कुणाचाही पेपर कुणाच्याही पदरात घालतं. एका सरांच्या यादीत मला दुग्धव्यवसायावरचा पेपर सापडला होता.

माझं विचाराल तर मी आकडा बघून गाइड निवडला. पहिला ड्राफ्ट अकरा महिने त्यांच्या टेबलावर पडून होता. हे कुठल्याच प्रोफाइलवर नसतं. दोघांकडे नुकत्याच पीएचडी संपवलेल्या एकेका विद्यार्थ्याला फोन करा आणि फक्त एवढंच विचारा: ड्राफ्ट दिल्यावर परत किती दिवसांनी यायचा?