दोन कडव्यांच्या मधलं ऐका

प्रश्न : सी. रामचंद्रांच्या गाण्यांवर मी वाढलो. निवृत्त झाल्यावर मुलानं जॅझच्या काही रेकॉर्ड आणून दिल्या. मन लावून ऐकायला बसतो, पण सुरुवातीची चाल संपली की जो तो आपापलं वाजवतोय असं वाटतं आणि मी उठून जातो. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, सहकारनगर

उत्तर : तुमची सुरुवात केव्हाच झाली आहे. आज ‘अलबेला’तलं ‘शोला जो भडके’ पुन्हा लावा. फक्त या वेळी लताबाई आणि चितळकर गायचे थांबले, की कान टवकारा. पुढचं कडवं येईपर्यंत जो म्युझिक पीस वाजतो, तेवढाच धरून ठेवा. बोंगो, क्लॅरिनेट, ट्रम्पेट. आपण आयुष्यभर या जागी पुढच्या ओळीची वाट पाहिली.

चिक चॉकलेट या नावानं मुंबईत गाजलेला गोव्याचा ट्रम्पेटवादक आंतोनियो झेवियर वाझ हा अण्णांचा, म्हणजे सी. रामचंद्रांचा, सहायक होता. १९५१च्या या चित्रपटात तो आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतो. अण्णा पुणतांब्याचे, विनायकबुवा पटवर्धनांकडे गाणं शिकलेले. चाल त्यांना सुचायची ती सा-रे-गमध्ये. स्टुडिओत ती पाश्चात्त्य नोटेशनमध्ये उतरायची, आणि हे काम बहुतेक गोव्याची माणसं करत, कारण लहानपणी चर्चच्या शाळेत ती नोटेशन वाचायला शिकलेली असत. त्यांच्यातले कितीतरी जण रात्री मुंबईतल्या हॉटेलांत जॅझ वाजवत. त्यांची नावं ना तबकडीवर आली, ना बहुतेक चित्रपटांच्या श्रेयनामावलीत. याचं मला आजही वाईट वाटतं.

मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. त्यात मुखडा, कडवी, सगळं बसवायचं. ट्रम्पेटच्या वाट्याला त्यातून काही सेकंद यायचे. जॅझच्या रेकॉर्डवर त्याच ट्रम्पेटला मिनिटंच्या मिनिटं मिळतात. तुम्ही उठून जाता ते नेमके तेव्हा, जेव्हा त्याला पहिल्यांदा मनसोक्त बोलायची संधी मिळालेली असते.

आणि ‘जो तो आपापलं’ वाजवत नाही. वरची चाल ऐकू येईनाशी झाली, तरी तिचा सांगाडा खाली फिरतच असतो. बरेचदा तो बत्तीस बारांचा असतो, एका बारात चार मात्रा. वादक त्याच आवर्तनावर नवी चाल रचत जातो. ख्याल ऐकणाऱ्याला हे परकं वाटायला नको, पण वाटतं, आणि त्याला कारण आहे. आपल्याकडे तानपुऱ्याचा षड्ज जागचा हलत नाही. जॅझमध्ये पायाखालचे कॉर्ड्स, म्हणजे एकदम वाजवलेले तीन-चार स्वर, सतत बदलतात, त्यामुळे कानाला टेकायला जागा सापडत नाही.

म्हणून तुम्हाला मी ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसची १९५९ची ‘काइंड ऑफ ब्लू’ सुचवते. तिच्यातलं पहिलंच ‘सो व्हॉट’ घ्या. यात कॉर्ड्सची धावपळ नाही. सोळा बार एकाच स्वरसमूहावर, मग सगळं अर्ध्या स्वरानं वर उचललं जातं, आठ बार तिथं, आणि शेवटचे आठ पुन्हा मूळ जागी. शिवाय इथं मुख्य चाल डबल बास वाजवतो आणि बाकीचे वादक दोनच कॉर्ड्स वाजवून त्याला जबाब देतात. पहिल्या वेळी ट्रम्पेट, सॅक्सोफोन काही ऐकू नका. पॉल चेंबर्सचा बास धरा आणि बोटांवर बार मोजा. सोळानंतरची ती उचल कानानं पकडली, की रेकॉर्ड पुन्हा पहिल्यापासून लावा, आणि आता माइल्स त्या उचलीपाशी काय करतो ते पाहा. त्याच्यामागून सॅक्सोफोनवर कोल्ट्रेन येतो, मग सॅक्सोफोनवरच ॲडर्ली, मग पियानोवर बिल एव्हान्स. जागा तीच, पण चौघं चार तऱ्हांनी तिथं पोचतात.

शंकर-जयकिशनची १९६८ची ‘रागा जॅझ स्टाइल’ तुम्हाला कोणीतरी सुचवेलच. रईस खाँची सतार तिच्यात फार गोड आहे, पण ती नंतर ऐका. आधी १९५७च्या ‘आशा’तलं ‘ईना मीना डीका’ ऐका, किशोरकुमारांचं आणि आशाबाईंचं, दोन्ही. अर्थाचं ओझं नसलेले शब्द गळ्यातून वाद्यासारखे कसे काढायचे, ते या दोघांनी दाखवलं आहे.

प्रश्न : जुने चित्रपट मी आवडीनं पाहते, पण पार्श्वसंगीताकडे माझं लक्षच जात नाही. कान तयार करायला कोणता चित्रपट पाहू?
– एक वाचिका, कोथरूड

उत्तर : ज्यात ते नाहीच, असा पाहा. १९३७चा ‘कुंकू’. आज जिथं फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तिथल्याच प्रभात स्टुडिओत शांतारामबापूंनी तो केला. केशवराव भोळ्यांनी गाण्यांना चाली दिल्या, पण प्रसंगांच्या मागं वाद्यमेळ ठेवला नाही. घरातले खरेखुरे आवाज तेवढे ऐकू येतात. त्यामुळे शांता आपटे बोलायच्या थांबतात, तेव्हा त्यांनी साकारलेल्या नीरेची घुसमट आपल्याला स्वतःलाच पेलावी लागते, व्हायोलिन मदतीला येत नाही. याच चित्रपटात त्यांनी लाँगफेलोची इंग्रजी कविताही गायली आहे, तीही चुकवू नका.

‘कुंकू’नंतर लगेच पार्श्वसंगीत भरपूर असलेला कोणताही चित्रपट लावा. प्रत्येक प्रसंगात वाद्यं नेमकी कुठं शिरतात, ते तुम्हाला आपोआप ऐकू येऊ लागेल. मोबाइलच्या स्पीकरवर मात्र नको, निदान हेडफोन लावा. लॉ कॉलेज रोडवरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जुने चित्रपट दाखवतात. कोथरूडहून तुम्हाला ते जवळच आहे, तिथल्या कार्यक्रमांवर लक्ष ठेवा.