वेगवेगळ्या प्रकारांतल्या तुमच्या आवडत्या बिअर कोणत्या?

माझा खरा जीव गव्हाच्या बिअरवर. त्यात पहिलं नाव जर्मनीच्या वायहेनस्टेफानरचं. ग्लास नाकाजवळ नेला की पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. यात ना केळं असतं ना लवंग, सगळी किमया बिअर आंबवणाऱ्या यीस्टची. ओतताना शेवटचे दोन घोट बाटलीत ठेवा, बाटली गोल फिरवा आणि तळाचा गाळ सुटला की तोही ग्लासात घ्या. चव त्यातच आहे! बेल्जियमच्या हूगार्डनमध्ये मात्र धणे आणि संत्र्याची साल खरोखरच घालतात, उन्हाळ्यात ती.

लागरमध्ये, म्हणजे थंडाव्यात सावकाश आंबवलेल्या बिअरमध्ये, पिल्सनर उर्केल, १८४२ पासूनची, चेकियातल्या पिल्सेन शहरातली. कडवट, पण जिभेवर रेंगाळत नाही. स्टाउटमध्ये, म्हणजे भाजलेल्या धान्याच्या काळ्या बिअरमध्ये, गिनेस, नायट्रोजनमुळे फेस अगदी सायीसारखा. आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल हा बिअरचा प्रकार, मला फार कडू लागते.