ड्रॅग म्हणजे रोध की ओढ?

प्रश्न असा आला आहे: बदलत्या वेगाच्या प्रवाहात घन वस्तूवर कोणती बलं येतात, यावरच्या लेखाचं मराठी करायचं आहे. 'ड्रॅग'ला 'रोध' म्हणावं की 'ओढ'? आणि 'अनस्टेडी फ्लो'ला 'अस्थिर प्रवाह' चालेल का?

मी ओढीच्या बाजूचा. वाहत्या पाण्यात गुडघाभर उभं राहून बघा. तुम्ही जागचे हलत नाही, मग पाणी रोध कशाला करणार? ते तुम्हाला आपल्याबरोबर न्यायला बघतं. 'पाण्याला ओढ आहे, पुढे जाऊ नकोस' असं आपण म्हणतो ते यासाठीच. पोहणाऱ्याला तेच बल रोध वाटतं, कारण तो पाणी कापत पुढे जातो. बल एकाच जातीचं: वस्तूच्या सापेक्ष पाणी जिकडे जातं, तिकडचं. 'रोध' म्हटलं की यातला अर्धाच प्रसंग सांगून होतो, शिवाय विजेचा रोध मध्ये येतो तो वेगळाच. 'कर्षण' बरोबर आहे, पण ते ओढीचंच संस्कृत सोंग.

'अस्थिर'ला मात्र माझी हरकत आहे. जरा धक्का लागला की बिघडतं ते अस्थिर; तो अर्थ 'अनस्टेबल'चा. 'अस्थायी'ला नोकरीचा वास येतो. मी सरळ 'बदलता प्रवाह' लिहितो.

आता या बदलत्या प्रवाहातच 'ओढ' शब्दाचा कस लागतो. समुद्रात रोवलेला खांब घ्या. पाणी पुढे जाऊन मागे वळतं त्या क्षणी वेग शून्य, म्हणजे वेगावर बेतलेली ओढही शून्य. तरी खांबावर बल असतंच, कारण पाण्याला त्वरण असतं. मॉरिसन आणि सहकाऱ्यांनी 1950 साली खांबावरचं बल असंच दोन वाट्यांत मांडलं, एक वेगाचा, एक त्वरणाचा. दुसऱ्याला ओढ म्हणू नका, 'जडत्वबल' म्हणा.

त्यातल्या 'अ‍ॅडेड मास'चं 'आभासी वस्तुमान' करण्याचा मोह होईल. तो आवरा. पाण्यातला गोल बुडबुडा जवळजवळ वजनहीन, तरी सुटताना त्याचं त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या दुप्पटच भरतं. कारण त्यानं बाजूला सारलेल्या पाण्याच्या निम्म्या वस्तुमानाचा भार त्याच्यावर पडतो. आजूबाजूचं पाणी खरोखर हलवावं लागतं, यात आभास कसला? 'जोडवस्तुमान' बरं.

राहिला 'हिस्टरी फोर्स', ज्याला बॅसेटच्या 1888 मधल्या कामावरून बॅसेट बल असंही म्हणतात. श्यान द्रवात (श्यान म्हणजे मुळात थिजलेलं, दाट) वस्तूलगतचा थर वेगाबरोबर लगेच बदलत नाही, सावकाश पसरतो. त्यामुळे आत्ताच्या बलात आधीच्या त्वरणांचाही हिशेब धरावा लागतो. 'इतिहासबल' ऐकून हसू येतं. माझ्या वहीत मी 'मागची ओढ' लिहितो. तुमच्या लेखात 'पूर्वत्वरणजन्य ओढ' लिहा आणि पहिल्या उल्लेखाला एक वाक्य खर्चून ती समजावून सांगा.